पीश्यनच्या रांजणांत मुरलेली डाळ

सिचुआनी स्वयंपाकाचा विषय निघाला की आपल्याकडचे बोलणे लगेच मिरचीवर जाऊन थांबते. मिरची त्या स्वयंपाकात भरपूर असते, यात शंका नाही. मात्र सिचुआन प्रांताची राजधानी असलेल्या चेंगदूचे आचारी ज्या पदार्थाला आपल्या स्वयंपाकाचा आत्मा म्हणतात, त्यात मिरचीइतकाच वाटा एका डाळीचा असतो. बाकल्याच्या, म्हणजे ब्रॉड बीन्सच्या डाळीवर बुरशी वाढवायची, ती मिठाच्या पाण्यात मुरवायची, मग खारवलेल्या लाल मिरचीत कालवून महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे उन्हात ठेवायची, अशा रीतीने जी दाट, खारट, काळपट लाल पेस्ट तयार होते ती दोउबानज्यांग. ही बरणी माझ्या स्वयंपाकघरात आता मिसळणाच्या डब्याशेजारी कायमची असते. तिच्याबरोबर रांधताना माझे मत पक्के होत गेले आहे की सिचुआनच्या जेवणातला झणझणीतपणा हा वरचा थर आहे आणि त्याला उभे राहायला जागा देते ती ही मुरलेली डाळ. तिच्याविषयी मराठीत सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

दोउबानज्यांग चीनमध्ये अनेक ठिकाणी बनते, पण ज्याचे नाव सगळे आचारी आदराने घेतात ते पीश्यनचे. पीश्यन हा चेंगदूच्या वायव्येला असलेला भाग. पूर्वी तो स्वतंत्र तालुका होता, आता पीदू या नावाने चेंगदू शहराचाच एक विभाग झाला आहे. हा सगळा प्रदेश सपाट, सुपीक आणि पाण्याने समृद्ध आहे, कारण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ली बिंग या अधिकाऱ्याने मिन नदीवर दुज्यांगयान येथे बांधलेली सिंचनव्यवस्था आजही या मैदानाला पाणी पुरवते. भाताच्या पिकानंतर हिवाळ्यात शेतात बाकला लावण्याची पद्धत या मैदानात जुनी आहे. हवा दमट, थंडी बेताची आणि आकाश वर्षातले बरेच दिवस ढगाळ. सिचुआनमध्ये सूर्य इतका क्वचित दिसतो की तो दिसला म्हणजे कुत्री त्याच्यावर भुंकतात, अशी एक जुनी चिनी म्हणही आहे. अशा प्रदेशात उन्हावर अवलंबून असणारा पदार्थ जन्माला यावा याचे मला फार अप्रूप वाटते. प्रखर, कोरड्या उन्हात हे मिश्रण लवकर सुकून कडक झाले असते. चेंगदूच्या मंद उन्हात आणि ओलसर हवेत ते सावकाश, ओलेपणा राखून मुरत राहते. एरवी साठवणीच्या पदार्थांची वैरीण मानली जाणारी दमट हवा इथे कामाला आलेली आहे.

दोउबानज्यांगच्या घडणीत दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्या बराच काळ एकमेकींना भेटत नाहीत. पहिली वाट डाळीची. बाकल्याच्या वाळलेल्या बियांची जाड साले काढून त्यांची डाळ करतात. ती शिजवून मऊ करत नाहीत, उकळत्या पाण्यात जेमतेम बुडवून काढतात आणि गार करून गव्हाच्या पिठात घोळवतात. मग तिच्यावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी नावाची बुरशी वाढू देतात. जपानी मिसो आणि सोया सॉस हे पदार्थही याच बुरशीच्या आधाराने तयार होतात. साधारण आठवडाभरात डाळीवर पिवळसर हिरवट लव दिसू लागते. ही बुरशी विकरे (एन्झाइम्स) तयार करते. त्यांतली काही पिष्टाचे तुकडे करून साखर मोकळी करतात, तर काही प्रथिने फोडून अमिनो आम्ले मोकळी करतात. या अमिनो आम्लांपैकी ग्लुटामिक आम्ल हेच जिभेला ती भरीव, रस्सेदार चव देते, जिच्यासाठी मांसाहारी स्वयंपाकात हाडांचा अर्क तासन्‌तास उकळत ठेवतात. बुरशी आलेली डाळ पुढे मिठाच्या पाण्यात घालून काही महिने ठेवतात. या टप्प्यावर डाळ मऊ, तपकिरी आणि किंचित गोडसर होते. तिच्यात तिखटाचा कणही नसतो.

दुसरी वाट मिरचीची. त्यासाठी अरजिंगत्याव नावाची लांब, सडपातळ, टोकाशी वळलेली मिरची वापरतात. तिचा तिखटपणा मध्यम, पण रंग गर्द आणि वास फार सुरेख असतो. उन्हाळा सरता सरता ती झाडावर पूर्ण लाल झाली की ताजीच तोडतात, देठ काढतात, धुऊन जाडसर चिरतात आणि मीठ लावून हौदात दडपून ठेवतात. वाळलेल्या मिरचीचे काम इथे नाही. ताजी मिरची खारवल्याने तिच्यात आपोआप लॅक्टिक आम्लाचे किण्वन सुरू होते आणि तिच्या तिखटाला एक हलकी आंबूस धार येते.

या दोन वाटा मोठ्या मातीच्या रांजणात एकत्र येतात. तिथून पुढचे काम पीश्यनमध्ये तीन शब्दांत सांगितले जाते: उलटणे, ऊन दाखवणे, दव देणे. दिवसा झाकण काढून रांजण उन्हात उघडे ठेवायचे आणि लांब दांड्याने मिश्रण खालवर करायचे. रात्री आकाश निरभ्र असेल तर ते दवात तसेच राहू द्यायचे. पावसाचे चिन्ह दिसले की धावत जाऊन टोपीसारखी मोठी झाकणे घालायची. रांजणांच्या रांगाच्या रांगा असलेले अंगण ज्यांना सांभाळायचे असते त्यांना हवामान कामातूनच कळत जाते. उलटल्याने प्राणवायू सगळीकडे पोहोचतो, वरचा थर सुकत नाही आणि खालचा कुजत नाही. मिठाचे प्रमाण इतके जास्त असते की बहुतेक घातक जंतू त्यात तग धरू शकत नाहीत, परंतु मीठ सोसणारी काही यीस्ट आणि जिवाणू आपले काम संथपणे चालू ठेवतात आणि त्यांच्यामुळे फळांसारखे, किंचित मद्यासारखे गंध तयार होतात. त्याच वेळी साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात रासायनिक क्रिया घडत जाऊन रंग गडद होत जातो. काही महिन्यांचे दोउबानज्यांग तांबडेलाल असते, वर्षभराचे विटकरी तपकिरी, आणि तीन वर्षे किंवा त्याहून अधिक मुरलेले जवळजवळ काळे. वय वाढेल तसा तिखटपणा मागे सरतो आणि डाळ पुढे येते. पीश्यनच्या दोउबानज्यांगचे पारंपरिक कौशल्य २००८ साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत दाखल झाले, तेव्हा जपण्याजोगी गोष्ट म्हणून पाककृतीसोबत हे रोजचे उलटणेही नोंदले गेले, ही गोष्ट मला योग्य वाटते.

त्याच्या जन्माची कथा पीश्यनमध्ये सगळ्यांना ठाऊक असते. सतराव्या शतकात मिंग राजवट कोसळताना झालेल्या युद्धांत आणि दुष्काळांत सिचुआनची वस्ती भयंकर घटली. त्यानंतर आलेल्या छिंग राजवटीने हूबेइ, हूनान, ग्वांगदोंग, फूज्यान अशा प्रांतांतून लोकांना तिथे जाऊन वसण्यास प्रोत्साहन दिले. असे सांगतात की फूज्यानहून निघालेल्या चेन घराण्यातील एका पूर्वजाजवळ वाटखर्चीसाठी बाकला होता, ओल लागून त्याला बुरशी आली, आणि टाकून देववेना म्हणून त्याने तो उन्हात वाळवून ताज्या मिरचीबरोबर कालवून खाल्ला. पुढे त्याच घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पीश्यनमध्ये यीफंगह नावाची पेढी काढली आणि या पदार्थाचा व्यापार सुरू झाला. कथेचा पहिला भाग अक्षरशः खरा मानण्याचे कारण नाही, कारण डाळीवर बुरशी वाढवून चटणीसारखे पदार्थ करण्याचे ज्ञान चीनमध्ये दोन हजार वर्षांहून जुने आहे आणि फूज्यानचा माणूस ते घरातच शिकला असणार. तरीही कथेत एक ऐतिहासिक सत्य आहे असे मला वाटते. आज जे आपण सिचुआनी म्हणून ओळखतो ते स्थलांतरितांचे जेवण आहे. नव्या मुलखात आलेल्या माणसांनी गावाकडची रीत आणली आणि जवळजवळ त्यांच्याच बरोबरीने तिथे पोहोचलेल्या एका परक्या फळाशी तिची गाठ घातली.

ते परके फळ म्हणजे मिरची. अमेरिका खंडातून निघालेली ही वनस्पती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याला आली आणि तिथून आपल्या सगळ्या स्वयंपाकात शिरली, हे मराठी वाचकांना सांगायला नको. चीनमध्ये तिचा पहिला लेखी उल्लेख १५९१ चा आहे आणि तोही शोभेचे झाड म्हणून. सिचुआनमधल्या नोंदींत ती अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास दिसू लागते. म्हणजे कोकणातल्या किंवा खानदेशातल्या घरात लाल मिरची रुळून गेली होती तेव्हा चेंगदूच्या घरात ती नुकतीच पोहोचत होती. त्याआधी तिथे तिखटपणासाठी आले आणि ह्वाज्याव हे जीभ बधिर करणारे फळ वापरले जाई, जसे आपल्याकडे मिरे आणि पिंपळी वापरत असत.

आता स्वयंपाकाकडे वळतो. दोउबानज्यांगविषयी पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही की हा ताटात वाढून घेण्याचा पदार्थ नाही. बरणीतून काढून तसेच चाखले तर ते नुसते खारट लागते आणि चाखणाऱ्याचा गैरसमज होतो. त्याला तेल लागते आणि तेलात थोडा वेळ लागतो. आधी ते सुरीने बारीक करून घ्यावे, कारण डाळीचे अर्धुके आणि मिरचीच्या सालीचे मोठे तुकडे तसेच राहिले तर चव सगळीकडे पसरत नाही. मग कढईत नेहमीपेक्षा थोडे जास्त तेल घ्यावे, ते मध्यम तापले की दोउबानज्यांग घालावे आणि आच मंद ठेवून परतत राहावे. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळणारा असल्यामुळे हळूहळू कडेने तेल सुटू लागते आणि ते पारदर्शक लाल दिसते. मिसळीवरची तर्री ज्याने मनापासून केली आहे त्याला हा क्षण ओळखण्यासाठी दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. आच मोठी असेल तर यातली साखर आणि पीठ करपते आणि कडवटपणा येतो, तो मग कशानेच झाकत नाही. तेल लाल झाल्यावरच आले आणि लसूण घालावे, आणि मीठ अगदी शेवटी, चाखून. शंभर ग्रॅम दोउबानज्यांगमध्ये साधारण पंधरा ते वीस ग्रॅम मीठच असते, म्हणून दोन चमचे पेस्ट पडलेल्या भाजीत बहुधा वेगळे मीठ लागत नाही.

या लाल तेलावर जे पदार्थ उभे आहेत त्यांत सर्वांत प्रसिद्ध मापो तोफू. चेंगदूच्या उत्तरेला वानफू नावाच्या पुलाजवळ चेन आडनावाच्या कुटुंबाची एक खाणावळ होती आणि तिचा इतिहास १८६२ सालापासून सांगितला जातो. तेलाच्या कावडी वाहणारे हमाल तिथे जेवायला थांबत. खाणावळ चालवणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते आणि त्यावरूनच पदार्थाचे नाव पडले. हमालांच्या भुकेसाठी केलेला हा पदार्थ आहे, हे तो खाताना जाणवते: स्वस्त तोफू, थोडासा गोमांसाचा खिमा, भरपूर तेल आणि गरम भात. मऊ तोफूचे चौकोनी तुकडे मिठाच्या गरम पाण्यात ठेवतात म्हणजे ते मोडत नाहीत आणि त्यांचा कच्चा वास जातो. खिमा कुरकुरीत होईपर्यंत परततात, दोउबानज्यांगचे तेल सुटू देतात, त्यात काळ्या सोयाबीनचे खारवलेले दाणे आणि मिरचीची पूड जाते, मग पाणी किंवा अर्क घालून तोफू अलगद सोडतात. पिष्टाची पातळ पेज एकदम न ओतता तीन वेळा थोडी थोडी घालतात, त्यामुळे रस्सा तोफूला धरून राहतो. शेवटी लसणाची पात आणि भाजलेल्या ह्वाज्यावची पूड. खिम्याऐवजी मी बारीक चिरलेले मशरूम वापरतो. दोउबानज्यांग चांगले मुरलेले असेल तर मांसाची उणीव भासत नाही, कारण मांसातून जे यायचे ते बरेचसे डाळीतून आलेले असते.

दुसरा पदार्थ ह्वेइगोरोउ, म्हणजे दोनदा शिजवलेले डुकराचे मांस. सिचुआनी माणसाला घराची आठवण कशाने येते असे विचारले तर मापो तोफूपेक्षा याचे नाव निघण्याचा संभव जास्त. चरबीचा पट्टा असलेला मांसाचा तुकडा आधी अख्खा उकडतात, गार झाल्यावर पातळ कापतात आणि कढईत परततात. काप कडेने वळून पणतीसारखे खोलगट झाले की त्यांच्याच सुटलेल्या चरबीत दोउबानज्यांग आणि गव्हाच्या पिठाची गोडसर चटणी घालतात आणि लसणाची पात टाकून उतरवतात. इथे मध्यम वयाचे, तांबूस दोउबानज्यांग शोभते. फार जुने घातले तर पातीचा हिरवा वास त्याखाली दबतो, असे माझे निरीक्षण आहे.

शाकाहारी घरात सुरुवात करायची असेल तर मी वांगे सुचवीन. सिचुआनमध्ये युश्यांग नावाची एक रसयोजना आहे, तिच्यात खारवलेली मिरची, आले, लसूण, कांद्याची पात, साखर आणि काळे व्हिनेगर यांचा मेळ असतो. माशाच्या रांधणीतून आलेली ही चव वांग्याला लावताना बहुतेक आचारी दोउबानज्यांग वापरतात. लांबट वांग्याचे बोटभर तुकडे तेलात मऊ करून घ्यायचे, मग वेगळ्या थोड्या तेलात दोउबानज्यांग परतायचे आणि बाकीचे सगळे ओळीने घालून शेवटी साखर आणि व्हिनेगरने तोलायचे. वांगे तेल पिते आणि ते तेल आता नुसते तेल राहिलेले नसते, म्हणून हा मेळ इतका जमतो. बटाटा, भोपळा, फरसबी यांनाही हे चालते. पनीरला मात्र मी ते लावत नाही. दुधाचा स्निग्ध गोडवा आणि या पेस्टचा खारटपणा एकमेकांत मिसळत नाहीत, शेजारी शेजारी बसून राहतात.

इथे आपल्याकडच्या शेजवान चटणीचा विषय टाळता येत नाही, कारण मुंबई-पुण्यातल्या बहुतेक माणसांची सिचुआनशी ओळख तिनेच करून दिलेली आहे. ती वाळलेल्या लाल मिरच्या, लसूण, आले, व्हिनेगर आणि तेल यांची असते. तिच्यात मुरलेली डाळ नसते आणि ह्वाज्यावही नसते. याचे कारण इतिहासात आहे. आपले चिनी जेवण घडवले ते मुख्यतः कोलकात्याला येऊन राहिलेल्या हाक्का आणि कँटोनी लोकांनी, आणि त्यांची मूळ गावे ग्वांगदोंगमध्ये, सिचुआनपासून फार दूर होती. त्यांनी इथल्या जिभेसाठी इथल्या मसाल्यांतून एक नवा स्वयंपाक रचला आणि तो मला प्रिय आहे. शेजवान डोसा हा मुंबईचा पदार्थ आहे आणि मुंबईचा म्हणूनच तो चांगला लागतो. मात्र ती चटणी दोउबानज्यांगच्या जागी घालून मापो तोफू करता येत नाही. तिखट येते, रंग येतो, पण घास गिळल्यानंतर जी चव तोंडात रेंगाळायला हवी ती येत नाही.

ह्वाज्यावच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र आणि गोव्याकडे एक खरी ठेव आहे. बांगड्याच्या तिखल्यात आणि गोव्याच्या माशांच्या रश्श्यांत पडणारे तिरफळ हे ह्वाज्यावचे अगदी जवळचे भावंड. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघेही झँथॉक्सिलम या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) येतात. दोन्हींच्या बिया टाकून देतात आणि साल वापरतात, दोन्ही जिभेवर झिणझिण्या आणतात. गंध वेगळा आहे. तिरफळाला कच्च्या संत्र्याच्या सालीसारखा आणि रानाचा वास असतो, ह्वाज्याव अधिक फुलासारखे असते. तरी ह्वाज्याव मिळाले नाही तर तिरफळाची साल कोरडी भाजून, कुटून मापो तोफूवर घालण्यात मला काहीच वावगे वाटत नाही. मात्र प्रमाण निम्मे ठेवावे.

दोउबानज्यांग स्वतःही खूप फिरले आहे. सिचुआनमधल्या यीबिनचे आचारी चेन ज्यानमिन, ज्यांना जपानी लोक चिन केनमिन म्हणून ओळखतात, १९५२ मध्ये जपानला गेले आणि १९५८ मध्ये त्यांनी तोक्योत आपले सिचुआनी उपाहारगृह काढले. त्यांनी मापो तोफूचा तिखटपणा कमी केला आणि कोळंबीच्या तिखट रश्श्यात टोमॅटो केचप घातले. दूरचित्रवाणीवरून त्यांनी हे पदार्थ शिकवल्यानंतर मापो तोफू जपानी घरांत रोजचे झाले. १९४९ नंतर मुख्य भूमीवरून तैवानला गेलेल्या सैनिकांच्या वसाहतींत, विशेषतः गांगशान येथे, सिचुआनी कुटुंबांनी तिथे मिळेल त्या साहित्यातून दोउबानज्यांग करायला घेतले. ते पीश्यनपेक्षा गोडसर झाले आणि आज तैवानचा लाल रश्श्यातला गोमांसाचा नूडल्सचा वाडगा त्याच्यावर उभा आहे.

आता विकत घेण्याविषयी थोडेसे. बाजारात दोन प्रकार दिसतात. लाल तेलातले दोउबान ताजे, चकचकीत आणि वर तेल असलेले असते. पीश्यनचे जुन्या पद्धतीचे कोरडे, गडद आणि बरेचदा साध्या पिशवीत बांधलेले असते. पहिले सोपे आहे, दुसरे खोल आहे. घटकांच्या यादीत बाकला, मिरची, मीठ आणि गव्हाचे पीठ एवढेच असेल तर उत्तम; सुरुवातीलाच साखर किंवा रंग दिसला तर मी ते परत ठेवतो. गहू वर्ज्य असणाऱ्यांनी ते टाळावे, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता आहे त्यांना बाकला चालत नाही, म्हणून त्यांनीही. घरी आणल्यावर ते काचेच्या बरणीत दाबून भरावे, वर बोटभर जाडीचा तेलाचा थर द्यावा आणि कोरडा चमचाच वापरावा. शीतकपाटात ते वर्षभर सहज टिकते आणि रंगाने आणखी थोडे गडद होते. दोन्ही प्रकार मिळत असतील तर दोन्ही घ्यावेत आणि तेलात निम्मे-निम्मे परतावेत. ताज्याकडून रंग येतो, मुरलेल्याकडून चव, आणि चेंगदूमधले कित्येक आचारीही असेच मिसळून वापरतात.